हिरवी काठी

मधली सुट्टी झालेली असते. शाळेच्या आवारातील झाडाखाली दोन डोकी एकमेकांजवळ येतात. त्यांतला एकजण आजूबाजूला पाहून घेतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, “तुला एक गंमत सांगतो, पण कोणाजवळ बोलायचे नाही हं!”

“नाही बोलणार.”

“मग घे शपथ!”

दुसरा मुलगा दोन बोटांच्या चिमटीत गळ्याची कातडी धरतो आणि मोठ्या गंभीरपणे म्हणतो, “गळ्याशपथ!” एवढे झाल्याखेरीज ती गंमत काही बाहेर पडत नाही.

मुलांनो, हा प्रसंग तुमच्यापैकी कोणालाच अपरिचित नसेल. कोणी देवाची शपथ घेतो, कोणी विद्येची, तर कोणी आईची. शपथ घालण्याचे शब्द जसे ठरलेले, तसे ती सोडवण्याचेही ठरलेले. ज्याने शपथ घातली त्याने ‘सुटली’ असे म्हटल्यावाचून तिच्यातून सुटका नाही. भांडण झाले की करंगळी पुढे करून ‘कट्टी’ करावयाची आणि राग ओसरला की बोटे जुळवून पुन्हा ‘बट्टी’ करावयाची, हाही त्याच राज्यातला कायदा. या राज्यात नुसते कायदेच आहेत असे नाही. तेथे जादूही आहे. वहीच्या पानांत मोरपीस जपून ठेवले तर त्याला पिल्लू होते, ही बातमी मुलांच्या एका पिढीने दुसऱ्या पिढीला मोठ्या विश्वासाने सांगितलेली आहे. ते पिल्लू स्वतः पाहिलेला मुलगा मात्र अजून कोणाला भेटलेला नाही! तरीसुद्धा वही हळूच उघडून आत डोकावणाऱ्या डोळ्यांची आशा काही कमी होत नाही.

मोठी माणसे हे सारे पाहून हसतात आणि ‘पोरखेळ’ म्हणून सोडून देतात. परंतु हा पोरखेळ आपल्याच गावात खेळला जातो असे नाही. ब्रिटनमधील पीटर आणि आयोना ओपी या पतिपत्नींनी सत्तर शाळांतील सुमारे पाच हजार मुलांकडून त्यांचे खेळ, शपथा, चिडवण्याची बोलणी आणि समजुती गोळा केल्या आणि १९५९ साली त्यांचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिकडची मुले शपथ घेताना बोट ओले करून दाखवीत, मग ते पुसून कोरडे झालेले दाखवीत आणि शेवटी तेच बोट गळ्यावरून आडवे फिरवीत. मी खोटे बोललो तर माझा गळा कापला जावो, असा त्याचा अर्थ. जपानमधील मुले एकमेकांच्या करंगळीत करंगळी अडकवून वचन देतात आणि वचन मोडणाऱ्याने हजार सुया गिळाव्यात असे सुरात म्हणतात. कोठे आपला गळा, कोठे इंग्लंडमधला आणि कोठे जपानमधली करंगळी! या मुलांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. परंतु त्यांच्या शपथांची घडण मात्र सारखीच आहे.

ही घडण नीट पाहिली तर तिचे तीन भाग दिसतात. पहिला भाग ठरलेल्या शब्दांचा, दुसरा शरीराने करावयाच्या खुणेचा आणि तिसरा वचन मोडल्यास होणाऱ्या शिक्षेचा. मोठ्या माणसांच्या व्यवहारातही हेच तीन भाग असतात. घर विकत घेताना मुद्रांकाच्या कागदावर करार लिहितात, त्यावर सह्या करतात, साक्षीदार बोलावतात. आणि करार मोडला तर न्यायालय असते. मंत्रीसुद्धा अधिकार हाती घेण्यापूर्वी दोन शपथा घेतात, एक पदाची आणि दुसरी गोपनीयतेची. या शपथांचे शब्द आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत लिहून ठेवलेले आहेत. लहान मुलांजवळ मुद्रांकाचा कागद नाही, साक्षीदार नाहीत आणि न्यायालयही नाही. पण दिलेला शब्द पाळला जावा ही इच्छा त्यांनाही असतेच. म्हणून ती आपल्या गळ्याचा कागद करतात आणि करंगळीची सही करतात!

आता एक प्रश्न उरतो. शपथ पाळली जाते ती कशाच्या बळावर? शिक्षेच्या भयाने, की आणखी कशाने? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण रशियातील एका घरात जाऊ. तेथे चार भावांनी एक गुपित जपले होते आणि त्या गुपिताची आठवण त्यांतल्या एकाने शेवटपर्यंत सांभाळली.

मॉस्कोच्या दक्षिणेस सुमारे दोनशे किलोमीटरवर यास्नाया पोल्याना नावाचे एक गाव आहे. गावाजवळ टॉलस्टॉय या सरदार घराण्याची जहागीर होती. भोवती बागा, तळी आणि बर्च वृक्षांच्या रांगा. पलीकडे दाट राई. या घरात निकोलाय, सर्गेय, दिमित्री आणि लिओ असे चार भाऊ आणि त्यांची धाकटी बहीण मारिया राहत असत. लिओचा जन्म १८२८ सालचा. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच त्यांची आई वारली. घरात प्रेमळ आत्या होत्या, वडील होते. पण आईची जागा रिकामीच राहिली होती.

थोरला निकोलाय लिओपेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याच्या कल्पनाशक्तीला सीमा नव्हती. परीकथा, भुताच्या गोष्टी, विनोदी गोष्टी तो तासन्‌तास रचून सांगत असे, आणि त्या रचलेल्या आहेत याचा ऐकणाऱ्यांना विसर पडे. एके दिवशी या निकोलायने आपल्या भावांना जवळ बोलावले आणि एक विलक्षण बातमी सांगितली. त्याला म्हणे एक गुपित सापडले होते! हे गुपित जगाला कळले की सगळी माणसे सुखी होणार होती. मग रोग उरणार नव्हते, दुःख उरणार नव्हते, कोणी कोणावर रागावणार नव्हते. सगळी माणसे एकमेकांवर प्रेम करणार होती आणि ‘मुंगीबंधू’ होऊन राहणार होती. त्या वेळी लिओ पाच वर्षांचा होता, दिमित्री सहा आणि सर्गेय सात वर्षांचा.

हे ‘मुंगीबंधू’ कोण? त्याचीही एक गंमत आहे. मोराविया या प्रांताच्या नावाने ओळखला जाणारा एक ख्रिस्ती पंथ आहे. त्याच्या अनुयायांना ‘मोरावियन बंधू’ म्हणतात. निकोलायने त्यांचे नाव कोठे तरी ऐकले असावे. रशियन भाषेत मुंगीला ‘मुरावेय’ म्हणतात. मुलाच्या कानात ही दोन नावे एकमेकांत मिसळली आणि मोरावियन बंधूंचे झाले मुंगीबंधू! पण ही चूक भावांना फार आवडली. वारुळात एकमेकींना बिलगून राहणाऱ्या मुंग्या त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या.

लगेच मुंगीबंधूंचा खेळ सुरू झाला. खोलीतील खुर्च्या ओढून आणावयाच्या, त्यांच्याभोवती पेट्या रचावयाच्या, वरून शाली टाकावयाच्या आणि आतल्या अंधारात एकमेकांना चिकटून बसावयाचे, एवढाच तो खेळ. त्यात धावणे नाही, जिंकणे नाही, कोणावर राज्य येणे नाही. पण त्या अंधारात बसले की लिओच्या मनात प्रेमाचा एक वेगळाच उमाळा दाटून येई. आई नसलेली ती मुले खुर्च्यांखालच्या त्या चिमुकल्या घरात एकमेकांची ऊब घेत होती.

मुंगीबंधूंचा खेळ तर कळला. पण मुख्य गुपित मात्र निकोलायने सांगितले नाही. सगळ्या माणसांना सुखी कसे करावे हे त्याने म्हणे एका हिरव्या काठीवर लिहून ठेवले होते, आणि ती काठी राईतील घळीच्या काठी, रस्त्याच्या कडेला पुरून ठेवली होती. काठी पाहिली नव्हती कोणीच; पण ती आहे याविषयी धाकट्या भावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

याखेरीज एक जादूचा डोंगरही होता. तेथे जाणाऱ्याची एक इच्छा पुरी होणार होती. पण त्यासाठी काही अटी पाळावयाच्या होत्या. पहिली अट अशी, की कोपऱ्यात उभे राहावयाचे आणि पांढऱ्या अस्वलाचा विचार मनात येऊ द्यावयाचा नाही. दुसरी अट अशी, की जमिनीवरील दोन फळ्यांमधल्या फटीवरून न अडखळता चालत जावयाचे. तिसरी अट अशी, की वर्षभर ससा दृष्टीस पडता कामा नये. जिवंत नाही, मेलेला नाही आणि ताटात वाढलेलाही नाही! शिवाय यातले काहीही कोणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यावयाची.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीविषयी काळजी करण्याचे कारणच पडले नाही, कारण पहिलीच अट कोणाला पाळता येईना. लहानगा लिओ कोपऱ्यात जाऊन उभा राही, आणि उभा राहताक्षणी ते पांढरे अस्वल त्याच्या मनात येऊन बसे!

आपल्याकडेही अशीच एक गोष्ट सांगतात. एका वैद्याने रोग्याला औषध दिले आणि बजावले, “हे घेताना माकड तेवढे आठवू नका.” बिचाऱ्याने औषधाची वाटी तोंडाशी नेली की माकड दत्त म्हणून पुढे उभे! असे का होते? एखाद्या गोष्टीचा विचार टाळावयाचा असेल तर आपण तो टाळत आहोत की नाही, हे मनाला सारखे तपासून पाहावे लागते. आणि तपासावयाचे म्हणजे त्या गोष्टीची आठवण ठेवणे आलेच. डॅनिएल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी या विषयावर केलेले प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना त्यांनी पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले आणि विचार आला की घंटी वाजवावयास सांगितले. घंटी पुन्हा पुन्हा वाजतच राहिली! निकोलायने त्या प्रयोगांच्या सुमारे दीडशे वर्षे आधी घातलेली अट किती अवघड होती, हे यावरून कळेल.

मुलांच्या जादूत अशा अशक्य अटी नेहमीच असतात, आणि त्या मोठ्या उपयोगाच्या असतात. अट पुरी झाली नाही म्हणून डोंगर दिसला नाही, असे म्हणता येते. जादू खोटी ठरत नाही, आपण कमी पडलो एवढेच ठरते. मोरपिसाला पिल्लू झाले नाही तर दोष मोरपिसाचा नसतो. आपणच वही वेळेआधी उघडलेली असते!

इच्छा कोणती मागावयाची हे मात्र भावांनी आधीच ठरवून ठेवले होते. सर्गेयला मेणाचे घोडे आणि कोंबड्या करता याव्यात असे वाटे. दिमित्रीला चित्रकारासारखी मोठमोठी चित्रे काढावयाची होती. लिओला दुसरे काहीच सुचेना, म्हणून त्याने लहान लहान चित्रे काढता यावीत एवढीच इच्छा सांगितली. जादूच्या डोंगरावर जाऊन राज्य मागावे, धन मागावे, असे त्यांच्यापैकी कोणालाही सुचले नाही.

पुढे हा खेळ मागे पडला. मुले मोठी झाली, शिकली, दूर गेली. १८६० साली निकोलाय क्षयाने आजारी होऊन फ्रान्समध्ये मरण पावला. त्या वेळी लिओ त्याच्याजवळच होता. ज्याच्यापाशी हिरव्या काठीचे गुपित होते, तो भाऊ गुपित न सांगताच गेला.

पाच वर्षांचा लिओ पुढे जगप्रसिद्ध लेखक लिओ टॉलस्टॉय झाला. ‘युद्ध आणि शांती’ या त्यांच्या कादंबरीचे नाव तुम्ही कदाचित ऐकले असेल. १८५९ साली त्यांनी आपल्या गावातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. मुलांना वाचायला सोपे जावे म्हणून १८७२ साली त्यांनी एक अंकलिपी तयार केली आणि तिच्यात लहान लहान गोष्टी लिहिल्या. माणसांनी एकमेकांशी भांडू नये, कोणी कोणावर जुलूम करू नये, प्रेमाने राहावे, हे ते उतारवयात सतत सांगत राहिले. त्यांचे विचार वाचून महात्मा गांधी प्रभावित झाले होते. १९०९ साली गांधीजींनी त्यांना पत्र लिहिले, आणि १९१० साली दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रही कुटुंबांसाठी जी वसाहत स्थापन झाली, तिला ‘टॉलस्टॉय फार्म’ असे नाव दिले. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात टॉलस्टॉय यांनी गांधीजींना एक दीर्घ पत्र लिहिले. प्रेम हाच मानवी जीवनाचा श्रेष्ठ नियम आहे, हा त्या पत्राचा गाभा होता.

पंचाहत्तरीच्या सुमारास टॉलस्टॉय आपल्या आठवणी लिहावयास बसले, तेव्हा त्यांना ते खुर्च्यांखालचे घर आठवले. माणसांतील दुष्टपणा नाहीसा करून त्यांना सुखी करणारे सत्य एका काठीवर लिहिलेले आहे, असे आपण लहानपणी मानत होतो. असे सत्य आहे आणि ते माणसांना कळेल, असे आपण म्हातारपणीही मानतो, असे त्यांनी लिहिले. खुर्च्यांवर टाकलेल्या शालींच्या जागी साऱ्या आकाशाचे छत येईल आणि सगळी माणसे मुंगीबंधू होतील, हे बालपणीचे स्वप्न त्यांनी सोडले नव्हते. आपला देह कोठे तरी पुरावयाचाच आहे, तर तो निकोलायच्या आठवणीसाठी त्या काठीच्या जागी पुरावा, अशी इच्छाही त्यांनी प्रकट केली.

१९१० सालच्या नोव्हेंबरमध्ये टॉलस्टॉय मरण पावले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना राईतील त्या घळीच्या काठी पुरण्यात आले. तेथे थडग्याचा दगड नाही, क्रूस नाही, नाव कोरलेली पाटीही नाही. झाडांच्या सावलीत गवताने झाकलेला मातीचा एक उंचवटा आहे, इतकेच. जगभरचे लोक तेथे येतात आणि क्षणभर शांत उभे राहतात.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. लिओने ते गुपित कशाच्या बळावर जपले? तुझा गळा कापला जाईल, तुला सुया गिळाव्या लागतील, असे निकोलायने त्याला सांगितले नव्हते. काठीच्या मागे भय नव्हतेच. तिच्यामागे थोरल्या भावावरचे प्रेम होते आणि सर्वांचे भले व्हावे ही आशा होती. म्हणून खेळ संपल्यावरही ती काठी त्याच्या मनात हिरवीच राहिली. शपथेचे शब्द, खुणा आणि शिक्षा ही वरची साल आहे; आतला गाभा विश्वासाचा आहे. ज्याच्यावर आपला विश्वास आहे त्याला आपण शपथ घालत नाही, आणि ज्याच्यावर मुळीच विश्वास नाही त्याच्या शपथेचा काही उपयोगही होत नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे आणखी दोन गोष्टी स्पष्ट होतात. आईची शपथ घेऊन कोणी ती मोडतो आणि योगायोगाने त्याच दिवशी आईला ताप येतो. मग ते मूल रात्रभर जागे राहते; आपल्यामुळेच हे झाले असे त्याला वाटते, आणि ते कोणाला सांगण्याचे धैर्यही त्याला होत नाही. असा प्रसंग तुमच्यावर किंवा तुमच्या मित्रावर आला तर पक्के लक्षात ठेवा, की ताप रोगजंतूंमुळे येतो, शब्दांमुळे येत नाही. शपथ मोडली तर मित्राचे मन दुखावते. ते नुकसान खरे आहे, आणि त्याची भरपाई क्षमा मागूनच होते. दुसऱ्या कोणाच्या जिवाला तिने बाधा होत नाही. म्हणूनच कोणाच्या जिवाची शपथ घेऊ नये आणि कोणाला घालूही नये.

दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक गुपित जपण्याच्या योग्यतेचे नसते. एखादी गंमत, एखादी भेटवस्तू, एखाद्याने विश्वासाने सांगितलेली आपली चूक, ही गुपिते जिवापाड जपावी. पण ज्या गुपितामुळे कोणाला इजा होत आहे, कोणी भीतीखाली वावरत आहे, किंवा कोणी मोठे माणूस ‘घरी सांगू नकोस’ असे धमकावून शपथ घालीत आहे, ते गुपित विश्वासाच्या माणसाजवळ ताबडतोब सांगितले पाहिजे. तेथे शपथ मोडणे हा दोष नाही. तेथे गप्प राहणे घातक आहे. निकोलायचे गुपित आठवा. ते लपवलेले होते खरे. पण ते सगळ्या माणसांच्या सुखाचे होते आणि एक दिवस सगळ्यांना कळावयाचे होते. चांगल्या गुपिताची ओळख अशी असते.

उद्या मधल्या सुट्टीत कोणी तरी तुमच्याजवळ येईल आणि दबक्या आवाजात म्हणेल, “कोणाला सांगणार नाहीस ना?” तेव्हा शपथ घेण्यापूर्वी क्षणभर त्याच्या डोळ्यांकडे पाहा. त्याच्या मनात पुरून ठेवलेली एक हिरवी काठी तो तुमच्या हाती देऊ पाहत असेल. ती अलगद घ्या आणि जपा.